२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे वही-पेनानं कसं पडताळायचं

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. संगणकाशी संबंध आलेल्या बहुतेकांनी ही संख्या कुठे ना कुठे पाहिलेली असते, कारण धन आणि ऋण दोन्ही संख्या साठवणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. जुन्या प्रणाल्यांमधली सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्यावर पोहोचून उलटतील. पण तिचा खरा मोठेपणा वेगळाच आहे. ती मूळ संख्या आहे आणि ते तुम्ही स्वतः, साध्या कॅल्क्युलेटरवर, एका दुपारी सिद्ध करू शकता.

"संगणक सांगतो म्हणून" यावर समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं. १७७२ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरनं योहान बर्नुलीला (या घराण्यातल्या तिसऱ्या योहानला) लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. त्याची वाट आजही तशीच चालता येते. या लेखात ती वाट पायरीपायरीनं आखली आहे.

आधी लेखनाचं ठरवून घेऊ. घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरू, म्हणजे २^५ = ३२. आपल्या संख्येला "म" म्हणू. म = २^३१ − १ = २१४७४८३६४७. पुढचं सगळं या "एकनं कमी" असण्यावर उभं आहे. दहा अंकी कुठलीही संख्या उचलली असती तर इतका सोपा मार्ग मिळाला नसता.

काय लागेल? किमान दहा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर (दुकानातला बारा अंकी उत्तम, आठ अंकी पुरणार नाही), एक वही आणि ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता. तक्ता नसेल तरी चालेल, थोडी चाळणी जास्त लावावी लागेल.

पायरी १ : कुठपर्यंत शोधायचं?

संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसलेला एक तरी मूळ विभाजक असतोच. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, म्हणजे म पेक्षा कमी. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, म्हणजे म पेक्षा जास्त. तेव्हा ४६३४० पर्यंतच्या एकाही मूळ संख्येनं म ला निःशेष भाग गेला नाही, की काम झालं.

अडचण अशी की ४६३४० च्या आत जवळपास ४८०० मूळ संख्या आहेत. बोलोन्याच्या पिएत्रो कताल्दीनं १५८८ च्या सुमारास २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या अशाच सरळ भागाकारानं मूळ ठरवल्या. त्यासाठी त्यानं ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता केला होता, आणि तो पुरला, कारण २^१९ − १ म्हणजे ५२४२८७ चं वर्गमूळ ७२५ च्याही आत आहे. आपल्याला मात्र चाळणी हवी.

पायरी २ : पहिली चाळणी, ६२

समजा "क" ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला क नं भागलं तर बाकी १ उरते.

आता २ चे घात एकामागून एक घ्या आणि प्रत्येकाला क नं भागून बाकी लिहा. बाक्यांची ही माळ ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते. बाकी पहिल्यांदा १ ज्या घाताला येते, त्याच्या पटीतल्या घातांनाच ती पुन्हा १ येते, मधे कुठेही नाही. ३१ व्या घाताला बाकी १ आहे, म्हणून हे अंतर ३१ चा विभाजक असलं पाहिजे. ३१ स्वतः मूळ, त्यामुळे अंतर १ किंवा ३१. अंतर १ असेल तर २ ला क नं भागून बाकी १ यायला हवी, आणि ते कुठल्याच मूळ संख्येला जमत नाही. म्हणजे अंतर नक्की ३१.

इथे फर्माचा छोटा सिद्धांत हाताशी येतो. क ही विषम मूळ संख्या असेल तर २^(क − १) ची बाकी १ च येते. म्हणून क − १ ला ३१ नं भाग जातो. क विषम असल्यामुळे क − १ सम आहे, म्हणजे त्याला ६२ नंही भाग जातो.

एवढ्यानं क हा ६२ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असलाच पाहिजे हे ठरलं. ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कुणी म ला भागत नाही हे एकही भागाकार न करता कळलं. ४६३४० पर्यंत अशा संख्या ७४७ आहेत.

विश्वास बसत नसेल तर लहान उदाहरणावर पाहा. २^११ − १ = २०४७. इथे विभाजक २२ च्या पटीपेक्षा एकनं जास्त हवा. पहिलाच उमेदवार २३, आणि २०४७ = २३ × ८९. ८९ म्हणजेही २२ × ४ + १. (घात मूळ असला की २^घात − १ ही मूळच असते, हा गैरसमज फार जुना आहे. २०४७ हे त्याला सर्वांत लहान उत्तर.)

पायरी ३ : दुसरी चाळणी, २४८

मला सगळ्यात सुंदर वाटते ती ही पायरी. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा तर २^१६ चा वर्ग! म्हणजे क च्या हिशेबात (क नं भागून उरणाऱ्या बाक्यांत) २ ही एका पूर्णांकाच्या वर्गाची बाकी आहे.

संख्यासिद्धांतात एक सिद्ध नियम आहे: विषम मूळ संख्येच्या हिशेबात २ ही वर्गाची बाकी असेल, तर त्या मूळ संख्येला ८ नं भागून बाकी १ किंवा ७ च येते. ७ घ्या: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ घ्या: ६ चा वर्ग ३६, बाकी २. ५ साठी करून पाहा. वर्गांच्या बाक्या १ आणि ४ यांपलीकडे जात नाहीत, २ कधीच येत नाही.

दोन्ही अटी एकत्र करू. ६२ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असलेल्या संख्येला २४८ नं भागलं तर बाकी १, ६३, १२५ किंवा १८७ येते. यांना ८ नं भागल्यावर उरतात अनुक्रमे १, ७, ५, ३. पाच आणि तीन बाद. राहिल्या फक्त २४८ च्या पटीपेक्षा १ नं किंवा ६३ नं जास्त असलेल्या संख्या. ऑयलरनं याच दोन रांगा वापरल्या.

पहिल्या रांगेत ४६३४० पर्यंत १८६ संख्या येतात. दुसरीत ६३ सोडून तितक्याच, कारण ६३ स्वतःच संयुक्त आहे. एकूण ३७२.

पायरी ४ : उमेदवारांची यादी

वहीत दोन रकाने पाडा आणि दर वेळी २४८ मिळवत जा.

पहिला रकाना: २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९, १७३७, १९८५…
दुसरा रकाना: ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३, १५५१, १७९९, २०४७…

यातल्या संयुक्त संख्या खोडा. ७४५, १९८५ आणि १०५५ पाचच्या पाढ्यातल्या. २४९, ९९३, १७३७, ८०७ आणि १५५१ तीननं जातात. ४९७ = ७ × ७१, १२४१ = १७ × ७३, ५५९ = १३ × ४३, १७९९ = ७ × २५७. शेवटचा २०४७ तर नुकताच भेटला. पहिल्या सोळांपैकी उरले फक्त तीन: ३११, १३०३ आणि १४८९.

पुढेही प्रमाण साधारण असंच राहतं. ३७२ मधून खऱ्या मूळ संख्या ऐंशीच्या घरात उरतात. ४८०० वरून आपण इथवर आलो, तेही म ला एकदाही न भागता.

पायरी ५ : बाकी काढण्याची युक्ती

आता म ला सरळ भागता येईल, पण मी तसं करत नाही. २^३१ ची बाकी घात दुप्पट करत काढली तर आकडे लहान राहतात आणि चूक लवकर दिसते. क्रम असा: २^१० काढा, बाकी घ्या. तिचा वर्ग करा, म्हणजे २^२० मिळेल, बाकी घ्या. त्याला २^१० च्या बाकीनं गुणा, म्हणजे २^३०, बाकी घ्या. शेवटी दुप्पट.

१३०३ घेऊ. १०२४ ऐवजी १०२४ − १३०३ = −२७९ लिहा; ऋण बाकीनं गुणाकार हलका होतो. −२७९ चा वर्ग ७७८४१. त्यातून १३०३ × ५९ = ७६८७७ वजा केले की ९६४, म्हणजेच −३३९. आता (−२७९) × (−३३९) = ९४५८१. त्यातून १३०३ × ७२ = ९३८१६ गेले, राहिले ७६५. दुप्पट १५३०, त्याची बाकी २२७. ही १ नाही, म्हणून १३०३ बाद.

१४८९ साठी: २^१० ची बाकी −४६५, २^२० ची ३२०, २^३० ची १००, २^३१ ची २००. बाद.

३११ साठी हेच करा. शेवटी ३६ आलं पाहिजे. ताळा हवा असेल तर म ला ३११ नं सरळ भागा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. ३६ मधून एक गेला की ३५, म्हणजे दोन्ही वाटा जुळल्या.

युक्ती खरा विभाजक सोडत तर नाही ना, हेही एकदा बघून घ्या. २^२९ − १ घ्या आणि २३३ नं तपासा. २^८ = २५६, बाकी २३. वर्ग ५२९, बाकी ६३ (हा २^१६). ६३ × २३ = १४४९, बाकी ५१ (हा २^२४). ५१ × ३२ = १६३२, आणि २३३ × ७ = १६३१. बाकी बरोबर १! म्हणजे २३३ हा २^२९ − १ चा विभाजक. कताल्दीनं ही संख्या मूळ असल्याचं म्हटलं होतं. १७३८ मध्ये ऑयलरनं ती खोडून काढली. तिचे अवयव २३३, ११०३ आणि २०८९. तिघांनाही ८ नं भागून पाहा, बाकी १ किंवा ७ च येते.

इथे एक चूक हटकून होते. कॅल्क्युलेटरवर भागाकार केल्यावर दशांश चिन्हापुढचा भाग भाजकानं गुणून बाकी काढायला जाऊ नका. शेवटचे अंक कापलेले असतात आणि उत्तर एखाद्यानं इकडे-तिकडे होतं. पूर्णांक भाग घ्या, त्याला भाजकानं गुणा, मूळ आकड्यातून वजा करा. बाक्या ४६३४० च्या आतच असल्यामुळे कुठलाही गुणाकार दहा अंकांपलीकडे जात नाही.

एका उमेदवाराला दोन मिनिटं धरली तर सगळी यादी तीन तासांच्या आत संपते. शेवटच्या उमेदवारापर्यंत बाकी १ येत नाही, आणि म मूळ ठरते.

दुसरी वाट : एकोणतीस फेऱ्या

एकही विभाजक न शोधता मूळपणा ठरवणारी कसोटी एदुआर ल्युकानं १८७६ च्या सुमारास मांडली आणि डेरिक लेहमरनं १९३० मध्ये तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा, दर फेरीत वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी घ्या. घात जितका, त्यापेक्षा दोन कमी फेऱ्या. शेवटी शून्य आलं तर (आणि तरच) संख्या मूळ.

२^७ − १ = १२७ वर हात बसवा. पाच फेऱ्या: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. मूळ! २०४७ वर नऊ फेऱ्या करा: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. अवयव कुठले ते मात्र ही कसोटी सांगत नाही.

म साठी २९ फेऱ्या लागतात. पहिल्या काही सोप्या: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपासून वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातात, तेव्हा वहीत मोठे गुणाकार मांडावे लागतील किंवा मोठे पूर्णांक हाताळणारा प्रोग्राम घ्यावा लागेल. पाचव्या फेरीचं उत्तर ६६९६७०८३८ आलं की समजा, गाडी रुळावर आहे.

या फेऱ्यांत भागाकार टाळता येतो. २^३१ ची म च्या हिशेबात बाकी १ आहे, म्हणून मोठ्या संख्येचे २^३१ च्या जागी दोन तुकडे करा आणि सरळ बेरीज करा. बायनरीत लिहिलेली असेल तर उजवीकडचे ३१ अंक एक तुकडा, उरलेले दुसरा. बेरीज पुन्हा मोठी झाली तर पुन्हा तेच. संगणकांना या घराण्यातल्या संख्या इतक्या सोयीच्या पडतात त्याचं हेच कारण.

अठ्ठाविसाव्या फेरीला जे उत्तर येतं ते पाहून मी पहिल्यांदा थबकलो होतो: ६५५३६. म्हणजे २^१६! मधल्या सगळ्या फेऱ्यांत नुसता आकड्यांचा गदारोळ, आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर एकदम ही ओळखीची संख्या. कारण शोधलं तर सोपं आहे. शेवटी शून्य यायचं तर आधीच्या उत्तराच्या वर्गाची बाकी २ असायला हवी. तिसऱ्या पायरीत पाहिलंच की २^३२ ची बाकी २. म्हणून आधीचं उत्तर २^१६ किंवा त्याचं ऋण रूप, तिसरा पर्याय नाही. १२७ च्या वेळी १११ आला होता, आठवतं? १११ = १२७ − १६, म्हणजे तिथे ऋण रूप होतं, −२^४.

एकनं कमी करून पाहिलं तर

म − १ = २१४७४८३६४६ चे अवयव पटकन पडतात. म − १ म्हणजे २ × (२^३० − १), आणि २^३० − १ = (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. पहिला ७ × ३१ × १५१, दुसरा ९ × ११ × ३३१. एकूण २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

याचा उपयोग असा. म च्या हिशेबात २ चे घात ३१ पायऱ्यांतच फिरून १ वर येतात. ७ चे घात मात्र पूर्ण २१४७४८३६४६ पायऱ्या चालतात आणि वाटेत शून्य सोडून प्रत्येक बाकीला भेटतात. हे तपासायला सगळ्या पायऱ्या चालाव्या लागत नाहीत: ७^(म − १) ची बाकी १ आहे, आणि म − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१ किंवा ३३१ नं भागून येणाऱ्या घातांपैकी एकालाही बाकी १ नाही, एवढं पुरतं. हाच मूळपणाचा तिसरा पुरावा. म संयुक्त असती तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या म − १ पेक्षा कमी पडल्या असत्या आणि इतकी लांब माळ होऊच शकली नसती.

या गुणधर्मावर एक यादृच्छिक संख्या-यंत्रही चालतं. आधीच्या संख्येला १६८०७ नं गुणा, म नं भागून बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. ५ हा म − १ चा अवयव नसल्यामुळे माळेची पूर्ण लांबी टिकते. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८… अशी माळ निघते. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये हे सूत्र किमान दर्जा म्हणून सुचवलं, आणि पडताळणीसाठी एक खूण दिली: १ पासून निघून १० हजार पावलांनंतर १०४३६१८०६५ यायला हवं. तुमचा प्रोग्राम या खुणेवर तपासून घ्या. गुप्तलेखनासाठी मात्र हे यंत्र वापरू नका, एका आकड्यावरून पुढचे सगळे काढता येतात.

परिपूर्ण संख्या

२^घात − १ मूळ असली की तिला २ च्या एकनं कमी घातानं गुणून परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे स्वतः सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच असते. ३ × २ = ६, ७ × ४ = २८. आपल्या म ला २^३० नं गुणा: २३०५८४३००८१३९९५२१२८. गुणाकार करायची गरज नाही, २^६१ मधून २^३० वजा करा.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या कुतूहलापुरत्याच आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोणी पुढे शोधायला जाणार नाही. १८७६ मध्ये ल्युकानं २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांटनं 'गिम्प्स' या सामूहिक शोधप्रकल्पातून २^१३६२७९८४१ − १ जाहीर केली. तिचे अंक ४१०२४३२०. अंकांची संख्या तुम्हीही काढू शकता: घाताला २ च्या लॉगनं, म्हणजे ०.३०१०२९९९५६ नं गुणा आणि पुढचा पूर्णांक घ्या. ३१ साठी ९.३३ येतं, म्हणून दहा अंक. एवढ्या प्रचंड शोधातही आधी हीच चाळणी लागते: विभाजक घाताच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकनं जास्त, आणि ८ नं भागून बाकी १ किंवा ७.

हात बसला असेल तर २^३७ − १ घ्या. कताल्दीनं हीही मूळ असल्याचं सांगितलं होतं आणि १६४० मध्ये फर्मानं ती चूक दाखवली. इथे उमेदवार ७४ च्या पटीपेक्षा एकनं जास्त: ७५ संयुक्त, १४९ ला आठनं भागून पाच उरतात म्हणून बाद. तिसरा २२३. २^८ पासून सुरुवात करा, बाकी ३३ येईल. पुढच्या चार ओळी तुम्ही लिहा.